समुद्राची आणेवारी

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. कांहीं सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत एकानें वर्तमानपत्रांतील एक लहानशी बातमी वाचून दाखविली. वादळानें भरकटून कोंकणच्या किनाऱ्यावर येऊन पडलेल्या एका समुद्रपक्ष्याची ती बातमी होती. अशा पक्ष्यांची दरसाल, ठराविक रीतीनें मोजदाद व्हावयास पाहिजे, असें आम्हीं सहज सुचविलें. त्यावर आमचे एक स्नेही हंसून म्हणाले, "पाखरें मोजून कोणाचें पोट भरणार आहे, प्रोफेसरसाहेब? ज्या देशाला २०२१ सालची माणसांची शिरगणती वेळेवर करतां आली नाहीं, त्यानें पाखरांच्या शिरगणतीच्या गोष्टी कराव्या ही निव्वळ चैन आहे." हे स्नेही अर्थशास्त्राचे गाढे व्यासंगी असून त्यांच्या शब्दाला बैठकींत वजन आहे. सगळे हंसले. खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों, आणि विषय तेथेंच सोडून दिला. घरीं आल्यावर त्या हंसण्याची जी रुखरुख लागली, ती हा लेख लिहिल्यावांचून जाईल असें दिसत नाहीं.

स्नेह्यांचें मत हें त्यांच्या एकट्याचें असतें, तर त्याचा जाहीर परामर्श घेण्याचें कारण नव्हतें. परंतु तें आपल्या बहुतेक सगळ्या शिकलेल्या वर्गाचें मत आहे, आणि म्हणूनच तें घातक आहे. त्या मताचे मुद्दे चार. पहिला मुद्दा असा कीं, समुद्र अफाट आहे, त्यांत पक्षी जन्मतात आणि मरतात, सृष्टीचा तोल सृष्टि सांभाळते. दुसरा असा कीं, मोजावयाचेंच असेल तर मासे मोजावे, कारण मासे बाजारांत येतात. तिसरा असा कीं, हल्लीं आकाशांतील उपग्रह समुद्राचें तापमान रोजच्या रोज कळवितात, तेव्हां गळ्यांत दुर्बीण अडकवून खडकावर बसणाऱ्या माणसाचें काम उरलें नाहीं. चौथा मुद्दा सर्वांत धारदार आहे : ज्यांनीं पक्षी मोजले, त्यांचे तरी पक्षी वांचले काय? या चारहि मुद्द्यांस उत्तर देण्यापूर्वीं एक हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण हा वाद नुसत्या तर्कानें सुटण्याजोगा नसून पुराव्यानें सुटण्याजोगा आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, गिलेमॉट नांवाचा एक समुद्रपक्षी राहतो. अमेरिकन लोक त्यास 'मर' म्हणतात. आपल्या भाषेंत त्या अक्षरांचा अर्थ अशुभ असल्यामुळें आम्ही इंग्लंडांत रूढ असलेलें नांवच येथें वापरतों. पाठ काळसर, पोट पांढरें, वजन सुमारें एक किलो. हा घरटें बांधीत नाहीं. समुद्रांत उतरलेल्या उभ्या कड्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर हे पक्षी हजारोंच्या दाटीनें उभे राहतात, आणि प्रत्येक जोडपें वर्षाकांठीं एकच अंडें उघड्या दगडावर घालून उबवितें. भक्ष्यासाठीं हा पक्षी पाण्याखालीं शंभर मीटरांहूनहि खोल बुडी मारतो. परंतु या पराक्रमाची किंमत जबर आहे. त्याला रोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मासळी लागते, आणि तीन ते पांच दिवस उपास घडला कीं तो मरतो. ज्याच्या गांठीं शिल्लक इतकी थोडी, त्याच्यावर दुष्काळाचा घाव सर्वांच्या आधीं पडावा हें उघड आहे.

२०१४ ते २०१६ या काळांत ईशान्य पॅसिफिक महासागराचें पाणी विलक्षण तापलें. कांहीं ठिकाणीं तें नेहमीच्या मानानें अडीच-तीन अंशांनीं अधिक ऊन होतें. या ऊन पाण्याच्या विस्ताराला तिकडील शास्त्रज्ञांनीं 'ब्लॉब', म्हणजे बेढब गोळा, असें थट्टेचें नांव दिलें. परिणाम मात्र थट्टेचा नव्हता. समुद्रांतील अन्नसाखळीच्या तळाशीं जे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्यांत चरबीदार जातींच्या जागीं निकस जाति आल्या. त्यांवर जगणारी लहान मासळी रोडावली. त्याच वेळीं कॉड, पोलॉक यांसारख्या मोठ्या माशांची भूक मात्र वाढली. कारण माशाचें रक्त थंड असतें आणि पाणी तापलें कीं त्याचा जठराग्नि भडकतो. म्हणजे कोठारांत धान्य कमी आणि पंगतीला पाहुणे अधिक, अशी स्थिति झाली. त्या पंगतींत गिलेमॉट उपाशी उठला.

२०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत सुमारें ६२,००० गिलेमॉट मेलेले किंवा मरणोन्मुख स्थितींत किनाऱ्यांवर सांपडले. जॉन पायट आणि त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं या प्रेतांवरून हिशेब मांडला. मेलेल्या पक्ष्यांपैकीं फारच थोडे किनाऱ्याला लागतात व बाकीचे समुद्रांतच जिरतात, हें धरून त्यांनीं एकंदर मृत्यूंचा आंकडा सुमारें ५ ते १२ लाखांच्या दरम्यान ठरविला. मेलेल्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश पक्षी वयांत आलेले, म्हणजे पुढील पिढी वाढविणारे होते. याखेरीज २०१५ ते २०१७ या काळांत निरनिराळ्या वसाहतींत मिळून २२ वेळां असें घडलें कीं, संबंध हंगामाची वीण पूर्णपणें फुकट गेली.

परंतु खरी गोष्ट याच्या पुढेंच आहे. अलास्कांतील सागरी वन्यजीव अभयारण्याच्या हीदर रेनर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०२४ च्या डिसेंबरांत 'सायन्स' या नियतकालिकांत दुसरा हिशेब प्रसिद्ध केला. हा हिशेब प्रेतांचा नव्हता, जिवंतांचा होता. तेरा वसाहतींत उभे असलेले पक्षी संकटाच्या आधींपासून मोजले जात होते. २००८ ते २०१४ या वर्षांतील संख्येशीं २०१६ ते २०२२ या वर्षांतील संख्या ताडून पाहतां, या वसाहतींतील पक्षी निम्म्यापासून तीनचतुर्थांशापर्यंत कमी झाले असें दिसून आलें. त्यावरून अलास्कांत मेलेल्या गिलेमॉटांची संख्या ४० लाखांच्या घरांत निघाली. तेथील एकंदर गिलेमॉटांपैकीं हे जवळजवळ निम्मे होत.

वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं ठेवावे. प्रेतांवरून हिशेब करणाऱ्यांचा हात फार तर १२ लाखांपर्यंत पोंचला. जिवंतांवरून हिशेब करणाऱ्यांचा ४० लाखांपर्यंत. मधले २८ लाख पक्षी, २००८ ते २०१४ या वर्षांत कोणी तो कडा मोजला नसता, तर कागदावर मेलेच नसते. आणि त्या सात वर्षांत काय घडत होतें? कांहींहि नाहीं. समुद्र नेहमीसारखा होता, पक्षी नेहमीसारखे होते. त्या वेळीं आमच्या स्नेह्यांनीं अलास्कांत जाऊन "हें मोजून कोणाचें पोट भरतें?" असा प्रश्न विचारला असता, तर मोजणाऱ्यांना समाधानकारक उत्तर देतां आलें नसतें. मोजदादीचें मोल संकटाच्या दिवशीं कळतें, पण ती मोजदाद संकट नसतांनाच करून ठेवावी लागते. संकट आल्यावर मोजावयास धांवणारा मनुष्य फक्त उरलेले मोजूं शकतो. गेले किती, हें त्याला कधींच कळत नाहीं.

आतां पहिल्या मुद्द्याकडे वळूं. सृष्टीचा तोल सृष्टि सांभाळते, हें वाक्य ऐकावयास गोड आहे. पण तें सांभाळण्यास किती काळ लागतो आणि कोणाच्या जिवावर, याचा विचार तें बोलणारे करीत नाहींत. समुद्रपक्षी वादळांत पूर्वींहि मरत, उपासमारीनेंहि मरत. हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु जो पक्षी वर्षाला एकच अंडें घालतो, त्याची निम्मी संख्या गेल्यावर ती भरून निघण्यास एकामागून एक पुष्कळ चांगले हंगाम लागतात. अलास्कांत २०२२ पर्यंत अशा भरपाईचें चिन्ह दिसलेलें नव्हतें. आणि हा एकाच जातीचा प्रश्न नाहीं. जगांतील समुद्रपक्ष्यांपैकीं ज्यांची पुरेशी मोजदाद झालेली आहे, असे जेमतेम पंचमांश आहेत. त्यांचा १९५० ते २०१० पर्यंतचा हिशेब २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांत सुमारें ७० टक्क्यांची घट आढळली. उरलेल्या चारपंचमांशांचें काय झालें, याविषयीं मौन आहे. सृष्टि तोल सांभाळीत आहे असें म्हणणाऱ्यांनीं त्या मौनालाच पुरावा मानलेलें दिसतें.

दुसरा मुद्दा माशांचा. मासे मोजावे हें आम्हांसहि मान्य आहे. ते मोजले जातातहि. परंतु बंदरावर उतरलेली मासळी ही समुद्रांतील मासळीचें माप नव्हे. ती दोन गोष्टींचें मिश्रण असते : समुद्रांत किती होती आणि आपण किती जोरानें ओढली. यंत्र मोठें झालें, जाळ्याचा आस बारीक झाला, होडी दूरवर जाऊं लागली, दिवे लावून रात्रीं मासळी गोळा करूं लागली, कीं समुद्र रिता होत असतांनाहि बंदरावरचा आंकडा कांहीं काळ चढताच राहतो. पक्ष्याचें जाळें मात्र बदलत नाहीं. सुरयाची चोंच हजार वर्षांपूर्वीं जेवढी होती तेवढीच आज आहे. गिलेमॉटला अधिक शक्तीचें यंत्र बसवून मिळत नाहीं. त्याचें पिलूं जगलें तर मासळी होती, मेलें तर नव्हती. इतका सरळ साक्षीदार बाजारांत मिळणार नाहीं.

आपल्याकडे खेडोपाडीं पिकांची आणेवारी काढण्याची जुनी वहिवाट आहे. आतां तिला सरकारदरबारीं पैसेवारी म्हणतात. पीक किती आणे आलें तें नमुन्याच्या शेतांवरून ठरवितात आणि त्यावर दुष्काळ जाहीर करावयाचा कीं नाहीं हें अवलंबून असे. ती खोटी काढली गेली म्हणून शेतकरी भांडतात, पण ती काढणें ही चैन आहे असें आजवर कोणा अर्थशास्त्रज्ञानें म्हटलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. समुद्रपक्षी ही समुद्राची आणेवारी आहे. २०११ सालीं फिलिप क्युरी आणि त्यांचे सहकारी यांनीं सात सागरी प्रदेशांतील चौदा जातींच्या पक्ष्यांचा विणीचा हिशेब त्या त्या समुद्रांतील लहान मासळीच्या साठ्याशीं ताडून पाहिला. साठा त्याच्या कमाल प्रमाणाच्या एकतृतीयांशाखालीं गेला कीं पिलें तगण्याचें प्रमाण घसरूं लागतें, असें त्यांना आढळलें. भिन्न समुद्र, भिन्न पक्षी, पण रेषा एकच. याला आणेवारी म्हणावयाचें नाहीं तर कशाला?

पेरूचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील बेटांवर पाणकावळ्यांच्या व इतर पक्ष्यांच्या विष्ठेचें खत सांचतें. एकोणिसाव्या शतकांत त्या खतावर पेरूचें सरकार चाललें. म्हणजे निदान त्या देशांत तरी पक्ष्यांनीं माणसांचें पोट भरलें होतें. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या बेटांवरील पक्षी दोन कोटींहून अधिक होते. त्यांचें अन्न म्हणजे अँचोव्हेटा नांवाची लहान मासळी. एल् निन्योच्या वर्षीं समुद्र तापतो, मासळी खोल जाते आणि पक्षी लाखोंनीं मरतात. परंतु पुढें चांगलीं वर्षें आलीं कीं त्यांची संख्या पुन्हां वाढत असे. मग त्याच मासळीची भुकटी करण्याचे कारखाने निघाले. १९६५ च्या एल् निन्योंत पक्षी कोसळले आणि त्यानंतर ते पूर्वींच्या संख्येला पोंचलेच नाहींत. आणेवारी लागली होती. ती वाचण्याची इच्छा कोणास नव्हती. बंदरावरचा आंकडा चढत होता. १९७० सालीं तो सव्वा कोट टनांच्या आसपास गेला. १९७२ सालीं पुढचा एल् निन्यो आला आणि तो सारा धंदा कोसळला. मासे मोजणाऱ्यांना १९७२ सालीं जें कळलें, तें पक्षी १९६५ नंतर सांगत होते.

तिसरा मुद्दा उपग्रहांचा. उपग्रहांची निंदा करणारा मनुष्य आम्हांस आडदांड वाटेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनीं आपल्या समुद्राविषयीं जें दाखवून दिलें, तें अशा साधनांवांचून शक्य नव्हतें. पश्चिम हिंदी महासागर शंभराहून अधिक वर्षें सतत तापत आला आहे, आणि गेल्या साठ वर्षांत तेथील सूक्ष्म वनस्पतींत २० टक्क्यांपर्यंत घट झाली, असा निष्कर्ष त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. परंतु उपग्रह पाहतो तो समुद्राचा पृष्ठभाग : त्याची ऊब आणि त्याचा रंग. त्या रंगाखालीं मासळी किती, ती लठ्ठ कीं रोड, आणि पिलाच्या चोंचीला लागेल एवढ्या खोलीवर आहे कीं त्याखालीं गेली, हें त्याला दिसत नाहीं. पॅसिफिकमधील ऊन पाणी २०१४ सालीं सर्वांना दिसत होतें. त्यांतून ४० लाख पक्षी मरतील हें कोणत्याहि नकाशावर उमटलें नव्हतें. तापमापक ताप सांगतो. रोगी जेवतो कीं नाहीं, हें पाहावयास कोणी तरी उशाशीं बसावें लागतें.

चौथ्या मुद्द्याला मात्र आम्ही अर्धी शरणागति देतों. मोजल्यानें पक्षी वांचत नाहीं, हें खरें. अलास्कांतले वांचले नाहींत. पण या न्यायानें गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदीहि बंद कराव्या लागतील, कारण नोंद ठेवल्यानें साथींत कोणी मरावयाचें राहिलें नाहीं. नोंद हें औषध नव्हे. औषधाची मागणी करण्याचा अधिकार नोंदीनें मिळतो. उत्तर समुद्रांत सँडईल नांवाची वाळूंत दडणारी लहान मासळी असते. किटिवेक नांवाचा कुरव आणि इतर पक्षी आपलीं पिलें तिच्यावर वाढवितात. स्कॉटलंडच्या पूर्वेस आइल ऑफ मे या बेटावर या पक्ष्यांच्या नोंदी अनेक दशकें चालू आहेत. समुद्र तापण्याचा आणि मासेमारीचा भार विणीवर कसा पडतो, हें अशा नोंदींनीं दाखविलें; आणि २०२४ सालीं ब्रिटननें उत्तर समुद्रांतील इंग्लंडच्या व साऱ्या स्कॉटलंडच्या पाण्यांत सँडईलच्या मासेमारीस बंदी घातली. युरोपीय संघानें त्याविरुद्ध लवादाकडे धांव घेतली. घ्यावी, वाद घालण्यासारखा तो विषय आहे. परंतु वाद घालण्यास तेथें हातांत आंकडे आहेत. आपल्याकडे वाद घालण्यासहि कांहीं नाहीं, हें आमचें खरें दुःख आहे.

कारण घरची स्थिति अशी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत खडकांचा एक समूह आहे. इंग्रजींत त्याला 'वेंगुर्ला रॉक्स' म्हणतात. तेथें दीपगृह आहे, आणि तेथेंच सुरय पक्ष्यांची वीण होते. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून आपणांस ठाऊक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८७५ सालीं पश्चिम किनारा व लक्षद्वीप यांच्या सफरीवर असतांना या खडकांवर गेले होते. 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकांत १८७६ सालीं त्यांनीं त्याचा वृत्तान्त दिला. पुढें हुमायुन अब्दुलअली यांचीं तेथील निरीक्षणें बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलांत १९४० आणि १९४२ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यानंतरहि अभ्यासू माणसें तेथें जाऊन आलीं आहेत. या सर्वांविषयीं आम्हांस आदर आहे. पण ह्यूम यांची भेट आणि अब्दुलअली यांची भेट यांमध्यें साठांहून अधिक वर्षें गेलीं, आणि भेट म्हणजे मोजदाद नव्हे. पाहुणा दर पिढींत एकदां येऊन मुलांच्या पाठीवरून हात फिरवून जातो, त्यावरून मुलें वाढतात कीं खंगतात हें ठरत नाहीं.

याचा परिणाम पाहा. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ सालीं तारलीची उतारी चार लाख टनांच्या जवळ गेली होती. २०२१ सालीं ती ३,३०० टनांच्या आसपास आली. पुढें ती पुन्हां वाढूं लागली. एवढा चढउतार ज्या समुद्रांत झाला, त्याच्या कांठच्या आणि बेटांवरच्या सुरयांचें त्या दहा वर्षांत काय झालें? किती अंडीं घातलीं, किती पिलें उडालीं? अलास्कासारखी एकाच जागेची, एकाच रीतीची, न खंडलेली मोजदाद आपण उभी केली असती, तर तारली येण्यापूर्वीं पक्ष्यांनीं कांहीं सांगितलें होतें काय, हें आज कळलें असतें. ती दहा वर्षें पुन्हां येणार नाहींत.

तीच गत वादळांची. पावसाळ्यांत आपल्या किनाऱ्यावर काळ्या पाठीचे समुद्री सुरय आणि काळा मुखवटा चढविल्यासारखे दिसणारे पांढरे बूबी पक्षी थकून येऊन पडतात. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' वादळ आपल्या किनाऱ्याला घांसून गुजराथेकडे गेलें. अरबी समुद्रांतील चक्रीवादळें वाढत आहेत, असें पुण्याच्या त्याच संस्थेंतील संशोधनानें दाखविलें आहे. मग भरकटून पडणारे पक्षीहि वाढले काय? वर्तमानपत्रें पाहतां वाढलेसे वाटतात. परंतु आतां प्रत्येक खिशांत छायाचित्र काढण्याचें यंत्र आहे. पडणारे पक्षी वाढले कीं पाहणारे डोळे वाढले, हें सांगण्यास एकच उपाय : तोच किनारा, तितक्याच माणसांनीं, तितक्याच वेळां चालून पाहिला पाहिजे; आणि कांहीं सांपडलें नाहीं त्या दिवशीं 'कांहीं नाहीं' असेंहि लिहून ठेवलें पाहिजे. शून्य लिहिण्याची चिकाटी हीच या शास्त्राची खरी कसोटी आहे, आणि तीच आपल्या अंगीं नाहीं.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथीं मारीत नाहीं. तीस वर्षें आम्ही वर्गांत इंग्रजी काव्य शिकवीत आलों. १७९८ सालीं प्रसिद्ध झालेलें कोलरिजचें 'एन्शंट मॅरिनर' हें काव्य आम्हीं कित्येक वेळां शिकविलें असेल. खलाशानें मारलेल्या त्या आल्बाट्रॉस पक्ष्यावर पाप, प्रायश्चित्त आणि करुणा यांविषयीं तासच्या तास बोललों. एकदां एक विद्यार्थी उठून उभा राहिला. तो मालवणकडचा, वडील रापणीवर जाणारे. त्यानें विचारलें, "सर, हा पक्षी आमच्या बाजूला येतो का?" आम्हीं ऐटींत उत्तर दिलें, "हा दक्षिण महासागराचा राजा; तुमच्याकडे कावळे येतात." वर्ग हंसला. मुलगा बसला नाहीं. तो म्हणाला, "नाहीं सर, पावसांत आमच्याकडे एक मोठा पांढरा पक्षी वाळूवर पडतो. तोंड काळें. बाबा म्हणतात, पूर्वीं इतके नव्हते पडत." आम्हीं त्यास खालीं बसावयास सांगितलें आणि काव्याकडे वळलों. पुष्कळ वर्षांनीं एका पुस्तकांत मुखवट्याच्या बूबीचें चित्र पाहिलें, तेव्हां तो मुलगा आठवला. त्याच्या वडिलांच्या "पूर्वीं इतके नव्हते" या तीन शब्दांत पन्नास वर्षांची मोजदाद होती. तें पूर्वीं म्हणजे केव्हां, इतके म्हणजे किती, हें विचारण्याचें शिक्षण आम्हांस होतें आणि संधिहि होती. आम्हीं विचारलें नाहीं. परक्या समुद्रांतील कल्पित पक्ष्याच्या मृत्यूबद्दल गहिंवरणारा आणि आपल्या किनाऱ्यावर खरा पक्षी पडल्यावर हंसणारा जो वर्ग, तो आमच्यासारख्यांनींच घडविला आहे.

तेव्हां आमचें मागणें थोडें आणि स्पष्ट आहे. वेंगुर्ल्याचे खडक आणि लक्षद्वीपांतील पिट्टी बेट अशा विणीच्या जागा दरसाल, त्याच हंगामांत, त्याच रीतीनें मोजाव्या. आणि त्यासाठीं जो पैसा द्यावयाचा तो तीन वर्षांच्या योजनेचा न देतां निदान वीस वर्षांचा द्यावा. तीन वर्षांची मोजदाद म्हणजे तीन पानांची बखर. पावसाळ्यांत त्या खडकांवर होडी लावणें सोपें नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच तें काम हौशीवर सोडतां येणार नाहीं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर जीं महाविद्यालयें आहेत, त्यांनीं प्रत्येकीं दोन-तीन मैलांचा किनारा नेमून घ्यावा आणि दर महिन्यास तो चालून नोंद ठेवावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढाकारानें सामान्य नागरिक हें काम करीत आले आहेत. गिलेमॉटांच्या प्रेतांचा हिशेब अशा पायपिटीवरच उभा राहिला. ज्या कोळ्यांना सुरयांच्या घिरट्यांवरून मासळीचा थवा ओळखतां येतो, त्यांस या कामांत मजूर म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून, मोबदला देऊन आणि नांव छापून घ्यावें. आणि ही सारी नोंद मराठींत प्रसिद्ध व्हावी, म्हणजे ज्यांच्या समुद्राची ती नोंद, त्यांस ती वाचतां येईल.

यांत अचाट असें कांहीं नाहीं. मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे; गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे; पुण्याच्या संस्थेचा उल्लेख वर आलाच आहे. समुद्र तापतो किती हें सांगणारी माणसें आपल्याजवळ आहेत, पक्षी ओळखणारीं आहेत, आणि मासळी जाणणारीं तर पिढीजात आहेत. या तिघांस एका वहीवर आणणारें कोणी नाहीं. ती वही लिहिण्यास प्रतिभा लागत नाहीं. नेमलेल्या दिवशीं नेमलेल्या जागीं जाण्याची संवय लागते.

आमच्या स्नेह्यांस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर येथें देतों. तें त्या दिवशींच द्यावयास पाहिजे होतें. पाखरें मोजून कोणाचेंहि पोट भरत नाहीं. आणेवारी काढूनहि कोणाचें पोट भरत नाहीं. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावरील हजारों घरांची चूल ज्या कोठारावर पेटते, तें कोठार किती आणे भरलें आहे, हें दुष्काळ पडण्यापूर्वीं सांगणारा साक्षीदार दरसाल वेंगुर्ल्याच्या खडकांवर येऊन बसतो. त्याची साक्ष फुकट आहे. ती लिहून घेण्यास मनुष्य पाठविणें हीच जर चैन असेल, तर ती न लिहिण्याची उधळपट्टी आपणांस परवडते काय, याचा हिशेब त्यांनीं आपल्या शास्त्राच्या रीतीनें करून दाखवावा. आम्ही पुढच्या बैठकींत त्यांची वाट पाहूं; आणि या वेळीं हंसणार नाहीं.